जिरलें म्हणजे पचलें नव्हे

आमच्या मळ्याच्या वरच्या अंगास मुरमाड जमिनीचा एक तुकडा आहे. तेथें फारसें कांहीं पिकत नसे. म्हणून गोठा धुतलेलें पाणी, शेणमूत्राचा काला आणि टोमॅटोचे क्रेट धुतल्यावर उरलेलें पाणी, हें सर्व एका नळानें त्या तुकड्यावर सोडण्याची युक्ति आम्हीं काढली. सायंकाळीं सोडलेलें पाणी सकाळीं दिसत नसे. अंगण स्वच्छ राहिलें, ओढा स्वच्छ राहिला, दुर्गंधि नाहींशी झाली, आणि आपण मोठें शहाणपणाचें काम केलें असें आम्हांस वाटूं लागलें. जमीन मुकी, तिनें सारें पोटांत घेतलें.

तीन वर्षांनीं, खालच्या अंगास जिचा मळा आहे ती माझी चुलती एके दिवशीं बांधावर येऊन उभी राहिली व म्हणाली, "अरे, माझ्या विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजेनाशी झाली आहे. साबणाला फेस येत नाहीं. तुमच्याकडे कांहीं नवें केलें कां रे?" तिच्या घरांत त्या वेळीं चार महिन्यांचें नातवंड होतें. पाण्याची तपासणी करविली, कागद आला. पिण्याच्या पाण्यांत नायट्रेट एका लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये, असें भारतीय मानक आहे. तिच्या विहिरींत तें त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघालें. वरचें दूध पिणाऱ्या, सहा महिन्यांच्या आंतील बालकांस अशा पाण्यापासून विशेष धोका असतो; त्यांच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते. सुदैवानें मूल सुखरूप राहिलें, कारण घरच्या माणसांनीं त्याच दिवसापासून त्याचें पाणी दुसरीकडून आणिलें. परंतु त्या कागदानें आम्हांस जो धडा शिकविला तोच आपल्या शाळेच्या ह्या वार्षिकांत वाचकांपुढें मांडावा, असें मनांत आलें. तो धडा एवढाच कीं, पाणी जमिनींत जिरलें म्हणजे तें पचलें असें नव्हे.

हा प्रश्न केवळ एका घरचा नाहीं. जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके आज पुणें जिल्ह्याची बाग झाले आहेत. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभें ह्या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं कुकडी, मीना, आर व घोड ह्या नद्यांचें पाणी अडविलें, आणि जेथें पूर्वीं बाजरी, मटकी व हुलगे होत तेथें ऊंस, द्राक्षें, कांदा व टोमॅटो डोलूं लागले. नारायणगांवचा टोमॅटोचा आणि मंचरचा कांद्याचा बाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांस ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यांत निवृत्तिनगर येथें विघ्नहर आणि आंबेगांव तालुक्यांत पारगांव येथें भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. दुधाचा धंदा घरोघर आहे. कोंबड्यांचीं मोठमोठीं खुराडीं आहेत. हें वैभव कष्टानें मिळविलेलें आहे, आणि त्याबद्दल कोणासही अभिमान वाटावा. परंतु जेथें पाणी येतें तेथून वापरलेलें पाणी कोठें तरी जातेंच. कारखान्याचें धुण्याचें पाणी, गोठ्याचें पाणी, माल धुतल्याचें पाणी, आणि खतें विरघळवून भिजलेल्या शेतांतून निथळणारें पाणी, हें सर्व मिळून शेतीचें सांडपाणी होय. नदींत सोडलें तर तें सर्वांच्या डोळ्यांस दिसतें, मासे मरतात, गवगवा होतो. जमिनीवर सोडलें तर तें दिसेनासें होतें. म्हणूनच जमिनीवर सोडण्याचा मार्ग सर्वांस सोयीचा वाटतो, आणि म्हणूनच त्याच्या परिणामाचें मोजमाप अधिक काळजीनें झालें पाहिजे.

प्रथम जमिनीची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. सांडपाणी जमिनीस देणें हें मुळांतच पाप आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. मातीसारखें शुद्धिकरणाचें यंत्र दुसरें नाहीं. तिच्या एका चिमटींत अगणित सूक्ष्म जीव असतात. शेण, साखर, पालापाचोळा, जें जें कुजण्याजोगें आहे तें तें खाऊन ते त्याचें खत करितात. परंतु ह्या जीवांना आपल्याप्रमाणेंच हवा लागते. एके दिवशीं पाणी दिलें, मग कांहीं दिवस विसांवा दिला, तर माती श्वास घेते व पचविते. रोज तुडुंब भिजविली तर तिचा श्वास कोंडतो, हवेवर जगणारे जीव मरतात, आणि तीच माती आंबूं लागते. मनुष्याच्या पोटाप्रमाणें जमिनीच्या पोटालाही भूक, घास आणि उपास हे तिन्ही लागतात.

पण कांहीं पदार्थ असे आहेत कीं ते कितीही विसांवा दिला तरी पचत नाहींत. मीठ पचत नाहीं. नायट्रेटाचा जो भाग मुळांनीं उचलला नाहीं, तो पाण्याबरोबर खालीं उतरतो. सोडियमचें प्रमाण फार झालें म्हणजे काळ्या चिकण मातीचे कण फुगून सुटे होतात व छिद्रें बुजतात. वर पाणी साचतें, वाळल्यावर दगडासारखें कवच बनतें. अशा जमिनीस आपण चोपण म्हणतों. येथें एक साधा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. ज्याच्या एका लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार आहेत असें बऱ्यापैकीं गोडें पाणी घ्या. एका एकरावर वर्षांत एक मीटर उंचीचें पाणी दिलें, तर तें सुमारें ४० लक्ष लिटर होतें, आणि त्याबरोबर सुमारें २० क्विंटल क्षार त्या एकरांत येऊन पडतात. उंसाला तर ह्याहून अधिक पाणी लागतें. पाणी उडून गेलें, पीक तोडून नेलें. क्षारांतील फारच थोडा अंश पिकाबरोबर गेला. राहिलेले क्षार कोठें गेले? आणि ज्या सांडपाण्यांत दर लिटरास दोन ग्रॅम क्षार असतील, त्याचा हिशेब चौपट होतो. गाडीभर मीठ कोणी शेतांत ओतूं लागला तर गांव त्याला वेडा म्हणेल. पण पाण्यांत विरघळवून ओतलें तर त्याला कोणी कांहीं म्हणत नाहीं.

राहिलेल्या क्षारांचें काय होतें, हें त्या त्या ठिकाणच्या भूमीवर अवलंबून आहे; आणि आपल्या दोन तालुक्यांची भूमि सर्वत्र सारखी नाहीं. पश्चिमेस माळशेज, नाणेघाट व भीमाशंकर ह्या घाटमाथ्यावर पाऊस मुसळधार पडतो. तेथील तांबूस, उताराच्या जमिनींतून क्षार दर वर्षीं धुऊन जातात. जसजसें पूर्वेकडे यावें तसतसा पाऊस बेताचा होत जातो, आणि नदीकांठची माती अधिकाधिक काळी व खोल होत जाते. म्हणजे जेथें कालव्याचें पाणी व कारखाने आहेत, नेमकें तेथेंच क्षार धुऊन नेणारा पाऊस थोडा आहे. त्यांतही दोन प्रकार आहेत. मुरमाड जमीन चाळणीसारखी. तिच्यावर ओतलेलें पाणी मातीशीं फारशी ओळख न करितां मुरमाच्या थरांत व काळ्या खडकाच्या भेगांत उतरतें. आपल्या विहिरी त्याच मुरमांत व भेगांत खोदलेल्या आहेत. तेव्हां वरच्या मळ्यांत ओतलेलें पाणी खालच्या विहिरींत निघालें तर त्यांत नवल तें काय? खोल काळी जमीन ह्याच्या उलट. ती पाणी धरून ठेवते. भूजल वर चढतें, आणि दिव्याच्या वातींतून तेल वर यावें त्याप्रमाणें क्षार पृष्ठभागावर येऊन पांढरे पडतात. मुरमाड जमीन शेजाऱ्याला फसविते, काळी जमीन मालकाला फसविते. दोघींचीही पहिलीं कांहीं वर्षें मोठीं गोड असतात.

हीं गोड वर्षें किती असतात, ह्याचें उदाहरण पुणें जिल्ह्यांतच आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. बारामतीकडचा दुष्काळी मुलूख हिरवा झाला, आणि तेथील उंसाची व गुळाची कीर्ति पसरली. पण भूजल वर चढूं लागलें, निचऱ्याची सोय नव्हती, आणि चांगल्या चांगल्या जमिनी चिबड व खारवट होऊं लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान व त्यांचे सहकारी तम्हाणे ह्यांनीं नीरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० सालीं त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. १८८५ पासून १९१० पर्यंत पंचवीस वर्षें होतात. म्हणजे जें नुकसान ओतणाऱ्या पिढीनें केलें, त्याचें निदान दुसऱ्या पिढीच्या हातीं पडलें. पुढें सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत कृष्णेच्या व तिच्या उपनद्यांच्या कांठीं हीच कथा घडली. जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून क्षार बाहेर काढण्याचें काम तेथें आतां चाललें आहे. तें होतें, पण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यास झेपणारा नाहीं.

परदेशांतही निराळें घडलेलें नाहीं. कॅलिफोर्नियांत सॅन वॉकीन नांवाचें मोठें बागाईत खोरें आहे. तेथील शेतांतून निथळलेलें पाणी एका पाटानें नेऊन केस्टरसन येथील तळ्यांत सोडीत असत. त्यांत शहराची घाण नव्हती, कारखान्याचें विष नव्हतें. तें केवळ शेतांचें निथळपाणी होतें. परंतु त्यानें मातींतील सेलेनियम विरघळवून बरोबर आणिलें, तळ्यांत तें वर्षानुवर्षें सांचत गेलें, आणि १९८३ सालीं तेथील पाणपक्ष्यांच्या पिलांत विलक्षण व्यंगें आढळलीं. पुढें तें पाणी बंद करावें लागलें व तळ्याचे सखल भाग मातीनें बुजवावे लागले. बर्लिन शहरानें १८७० नंतरच्या दशकापासून आपलें मैलापाणी शेतांवर सोडलें. कित्येक दशकें त्यावर भाजीपाला पिकला, जगभरचे लोक तें पाहावयास जात. पण त्या शेतांच्या मातींत जड धातु सांचत गेले, आणि मागाहून त्या जमिनीवर झाडें लावण्यासही अडचण पडली. नीरा, केस्टरसन व बर्लिन ह्या तिन्ही ठिकाणचे लोक मूर्ख नव्हते. त्यांनीं एकच चूक केली. त्यांनीं वर पीक पाहिलें, खालीं काय सांचतें तें मोजलें नाहीं.

कायद्यानें ह्या बाबतींत कांहींच केलें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. जलप्रदूषणाचा कायदा १९७४ सालीं झाला, पर्यावरण संरक्षणाचा १९८६ सालीं. साखर कारखान्यांसाठीं केंद्र सरकारनें २०१६ सालीं नवे नियम केले. त्यांप्रमाणें एक टन उंसामागें शुद्ध केलेलें सांडपाणी १०० लिटरांहून अधिक बाहेर सोडतां येत नाहीं, आणि थंड करण्याच्या तळ्याचें व यंत्रांचें आणखी १०० लिटर. पाण्यांतील घाण कुजतांना जो प्राणवायु लागतो त्यावरून तिचें मान ठरवितात. नदीनाल्यांत सोडावयाच्या पाण्यास ही मर्यादा लिटरास ३० मिलिग्रॅम आहे, जमिनीवर सोडावयाच्या पाण्यास १०० आहे. म्हणजे जमीन नदीपेक्षां तिपटीहून अधिक घाण पचवील, असा विश्वास कायद्यानें तिच्यावर टाकला आहे. कोणत्या मातीस रोज किती पाणी द्यावें, ह्याचें कोष्टकही त्यांत आहे. वाळूच्या जमिनीस दर हेक्टरीं २२५ ते २८० घनमीटर, पोयट्याच्या जमिनीस ११० ते १७०, आणि चिकण जमिनीस केवळ ३५ ते ५५.

ह्या कोष्टकाचा अर्थ किती महत्त्वाचा आहे, तें पाहा. समजा, एखादा कारखाना रोज ५,००० टन ऊंस गाळतो. वरील नियमाप्रमाणें त्याचें पाणी रोज १,००० घनमीटर होईल. वाळूच्या जमिनीवर त्यास चार हेक्टर पुरतील. चिकण काळ्या जमिनीवर १८ ते २९ हेक्टर लागतील. आपल्या पूर्वभागांतील माती कोणती, हें वर सांगितलेंच आहे. तेव्हां 'जमिनीवर सोडलें' एवढें म्हणून भागत नाहीं. कोणत्या जमिनीवर, किती हेक्टरांवर, आणि किती दिवसांच्या विसांव्यानें सोडलें, हे तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारें तपकिरी आंबट पाणी तर ह्याहून कितीतरी तीव्र असतें. एक लिटर मद्यार्कामागें तें साधारण ८ ते १५ लिटर निघतें. त्यांत पालाश भरपूर असल्यामुळें तें फुकटचें खत म्हणून पूर्वीं शेतांना देत असत; आतां तें बाहेर सोडूंच नये, असा नियम आहे. हा नियम अनुभवानें झाला आहे, लहरीनें नव्हे.

तरीही आमच्या मतें ह्या सर्व नियमांत एक उणीव राहते. त्यांत नळाच्या तोंडाशीं पाणी मोजतात, आणि जमीन किती पाणी पिऊं शकेल तें मोजतात. खालच्या विहिरीस मात्र कोणी फारसें विचारीत नाहीं. आणि गोठ्यांचें, खुराड्यांचें व भिजलेल्या शेतांचें पाणी तर नळाच्या तोंडाशींही कोणी मोजीत नाहीं. आमच्या मुरमाड तुकड्यावर एखादा अधिकारी आला असता, तर त्यास तेथें काय दिसलें असतें? कोरडी, स्वच्छ जमीन! दोष तेथें नव्हताच. तो दोनशें पावलें खालीं, चुलतीच्या घागरींत होता.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, सांडपाणी जमिनीस दिल्याच्या परिणामाचें खरें माप खालच्या विहिरींत घेतलें पाहिजे. पाणी सोडण्यापूर्वीं एकदां, आणि सोडूं लागल्यावर दर वर्षीं दोनदां. एकदां कार्तिकांत, पावसाळा संपून विहिरी भरलेल्या असतांना, आणि एकदां वैशाखांत, पाणी तळाशीं गेलें असतांना. मोजावयाच्या गोष्टी फार नाहींत. पाण्यांतील क्षार, नायट्रेट, आणि मातीचा सामू व क्षारता. सामू ८.५ च्या पुढें जाऊं लागला म्हणजे चोपणाची शंका घ्यावी. क्षारांविषयीं एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. मातीच्या अर्काची विद्युत्‌वाहकता ४ डेसीसायमनांवर गेली म्हणजे जमीन खारवट झाली, असें पुस्तकांत शिकवितात. पण आपलीं पिकें तोंवर थांबत नाहींत. कांद्याचें उत्पन्न १.२ च्या पुढें घटूं लागतें, द्राक्षाचें १.५ च्या पुढें, उंसाचें १.७ च्या आणि टोमॅटोचें २.५ च्या पुढें. कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. पण आपला प्रांत कापसाचा नाहीं. जुन्नर-आंबेगांवच्या शेतकऱ्यानें ४ ह्या आंकड्याची वाट पाहात बसणें म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणें होय. कांद्याची पात अवेळीं शेंड्यापासून करपूं लागली, तर रोगाचें औषध आणण्यापूर्वीं एकदां पाण्याचीही परीक्षा करावी.

यावर जे आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. कांहीं आमच्या घरांतच निघाले. पहिला असा कीं, वैशाखांत विहिरी कोरड्या पडल्यावर शेतकऱ्यास घाण पाणीही गंगेसारखें वाटतें. त्यास तपासणीच्या गोष्टी काय सांगाव्या? हें खरें आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर पाणी घेऊं नये अशी सक्ति करावी, असें आम्ही म्हणत नाहीं. पण गरजेनें घेतलेल्या पाण्याची किंमत गरजवंतास माहीत असावी, एवढें तरी न्याय्य आहे. दुसरा आक्षेप असा कीं, स्लरी व मळी हीं उत्तम खतें आहेत. अगदीं मान्य. खत तेंच, पण एका गुंठ्यावर ओतलें तर विष आणि चार एकरांवर पसरलें तर अमृत. तिसरा आक्षेप सर्वांत जोरदार आहे. सगळेच ओततात, मग आम्हींच कां थांबावें? ह्याला उत्तर युक्तिवादानें देतां येत नाहीं. आपल्यांत म्हण आहे, करावें तसें भरावें. पाण्याच्या बाबतींत उतार असल्यामुळें ही म्हण उलटी होते. वरचा करितो आणि खालचा भरतो. आणि आपणही कोणाच्या तरी खालींच आहों. कुकडी घोडेस मिळते, घोड भीमेस, आणि भीमेचें पाणी उजनीच्या धरणांत सांचतें. एकाच्या बांधाखालीं दुसऱ्याचा बांध लागलेला आहे. ज्याच्या खालीं कोणीच नाहीं असा शेतकरी ह्या खोऱ्यांत सांपडावयाचा नाहीं.

आतां करावयाचें काय, तें थोडक्यांत सांगतों. प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक विहीरवही ठेवावी. तींत वरच्या अंगास कोण, किती व कसलें पाणी जमिनीवर सोडतो, आणि खालच्या विहिरींचें कार्तिकांतील व वैशाखांतील माप काय, हें लिहावें. जो सोडतो त्यानें तपासणीचा खर्च द्यावा. खर्च फार नसतो, आणि नारायणगांव येथें कृषि विज्ञान केंद्र असल्यामुळें सल्ल्यासाठीं लांब जावें लागत नाहीं. मुरमाड तुकड्यावर सांडपाणी सोडूंच नये. मध्यम मातीवर, चाऱ्याचें गवत लावून, पाळीपाळीनें सोडावें, म्हणजे नायट्रेट खालीं उतरण्यापूर्वीं गवताचीं मुळें तें उचलतील. काळ्या जमिनीस निचऱ्याची चर आधीं, पाणी मागाहून. कारखान्यांनीं आपल्या भोंवतालच्या विहिरींचीं मापें वर्षातून दोनदां सभासदांपुढें वाचून दाखवावीं. सहकारी संस्थेंत ऊंस देणारा व विहीर असणारा हा बहुधा एकच मनुष्य असतो. त्यास उंसाचा भाव जसा सांगतात तसा पाण्याचा भावही सांगितला पाहिजे.

आणि विद्यार्थिमित्रांनो, ह्यांत तुमचाही वांटा आहे. पाण्यांतील क्षार मोजण्याचें यंत्र आतां पेनाएवढें लहान मिळतें. नायट्रेटाचा अदमास घेण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. दिवाळीच्या सुट्टींत व उन्हाळ्याच्या सुट्टींत घरीं जातांना स्वच्छ बाटल्या बरोबर न्याव्या. एक वरच्या विहिरीसाठीं, एक स्वतःच्या, एक खालच्या. परत येतांना त्या भरून आणाव्या, प्रयोगशाळेंत मोजाव्या, आणि आंकडे तारखेसह एका वहींत लिहून पुढील वर्गाच्या स्वाधीन कराव्या. एका वर्षाच्या आंकड्यांनीं कांहीं सिद्ध होत नाहीं. परंतु दहा वर्गांनीं दहा वर्षें ही वही चालविली, तर ह्या दोन तालुक्यांच्या भूमीविषयीं असें ज्ञान सांचेल कीं जें नीरेच्या लोकांस पंचवीस वर्षें उशिरां मिळालें. गोड वर्षें चालूं असतांनाच तीं किती उरलीं आहेत हें ज्यास कळतें, तोच तीं वांचवूं शकतो.

आमच्या तुकड्यावरील नळ आम्हीं त्याच आठवड्यांत काढला. स्लरी आतां टांकींत सांठवून, पाण्यांत मिसळून, गवताच्या दोन एकरांत पाळीपाळीनें देतों. चार वर्षें झालीं. चुलतीच्या विहिरीचें माप दर कार्तिकांत थोडें थोडें उतरत आहे. पण अजून तें ४५ च्या खालीं आलेलें नाहीं. तीन वर्षें ओतलेलें काढावयास चार वर्षें पुरलीं नाहींत. डाळीसाठीं व पिण्यासाठीं ती अद्याप पाणी दुसरीकडून आणिते, आणि रोज सकाळीं तिची घागर आमच्याच दारावरून जाते. ती कांहीं बोलत नाहीं. तिनें कांहीं बोलावें असें मला कित्येकदां वाटतें.

— एक माजी विद्यार्थी